मागे निखळलेला खांदा

"आता उजवीकडे पूर्ण मारा," अन्वरभाई खालून ओरडले.

एसटी डेपोच्या मागच्या आवारात दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत मी ड्रायव्हरच्या जागी बसलो होतो. इंजिन चालू होतं, गाडी जागच्या जागी. डावीकडे मारताना आणि परत सरळ करताना मी सगळं काम डाव्या हातानेच केलं होतं, उजवा नुसता टेकवून ठेवला होता. ते खालून दिसलं नसावं अशी माझी समजूत. आता मात्र उजव्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी स्टिअरिंग खालून धरलं आणि बाहेरच्या बाजूला ओढलं. हात पोटापासून वीतभरही सुटेना. जोर केला तेव्हा खांद्याच्या आत दगडावर दगड टेकावा तसं काहीतरी टेकलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"झालं," मी म्हणालो.

अन्वरभाई पुढच्या चाकाकडे बघत होते. चाक सरळच होतं.

ते दार उघडून वर आले आणि माझ्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसले. अन्वर मुकादम माझ्या गाडीवरचे कंडक्टर. देवरुख ते कोल्हापूर या फेरीवर आम्ही इतकी वर्षं बरोबर होतो, की त्यांनी बेल कशी मारली यावरून पाठीमागे कुणी म्हातारं चढतंय की शाळेची पोरं, हे मला कळायचं.

"मांडवकर, उद्या साहेबाकडे जाऊन काय सांगणार?"

"हात बरा आहे म्हणून सांगणार."

"आणि आंब्याच्या वळणावर?"

मी इंजिन बंद केलं. तेव्हाच्या आमच्या गाड्यांना आताच्यासारखं हलकं स्टिअरिंग नव्हतं. आंबा घाट चढताना छाती, पाठ, दोन्ही खांदे, सगळं लावावं लागायचं.

खांद्याचं दुखणं सुरू झाल्याला महिना होत आला होता. माझी बायको सुगंधा आमच्या मुलीला घेऊन आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती. घरात मी आणि माझे वडील, दोघंच. आम्ही दोघं पडवीत झोपायचो. मी खाटेवर, आबा खाली घोंगडीवर. एका सकाळी मला जाग आली ती जमिनीवर. अंग कुणीतरी मुसळाने कुटल्यासारखं दुखत होतं. उजवा हात पोटाला चिकटला होता, तो सुटेना.

आबा उशाशी बसले होते.

"काय झालं, आबा?"

"झोपंत खाटंवरून पडलास," ते म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

गावातल्या दवाखान्यात फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं, सांधा जागेवर दिसत होता. मुका मार बसलाय, त्यातून खांदा आखडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेक द्या, हात हलवत राहा, होईल मोकळा. मी शेक दिला. भिंतीवर बोटं चढवली. दोरी आणि कप्पी लावून हात वर ओढला. वर थोडाफार जायचा. बाहेर मात्र वळायचा नाही. दुखणं हळूहळू कमी होत गेलं, आणि दुखणं कमी झालं म्हणजे हात बरा झाला अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

आबांचं वागणं त्या दिवसापासून बदललं होतं. त्यांनी खाट उचलून गोठ्यात नेऊन टाकली आणि माझं अंथरूण खाली घातलं. मी आंघोळीला विहिरीवर निघालो की हातातलं काम टाकून मागून यायचे. मी चुलीजवळ बसलो तर "सरक मागं" म्हणायचे. पडल्या पडल्या मी जरा गप्प झालो की हाक यायची, "विलास, जागा हायस ना?" जागा असलो तर राग यायचा, झोप लागलेली असली तर जास्तच. म्हातारपण, दुसरं काय, असं मी माहेराहून परतलेल्या सुगंधाला म्हटलं. ती म्हणाली, "त्यांना कसली तरी भीती वाटतेय. तुम्ही विचारा एकदा." मी विचारलं नाही. मला माझीच भीती पुरेशी होती.

डेपोच्या साहेबांनी माझी बनवाबनवी चालू दिली नाही. "हाडांच्या डॉक्टरचं पत्र आणा. गाडी चालवायला योग्य आहे असं त्यांनी लिहून दिलं, की त्याच दिवशी ड्युटी," ते म्हणाले. सुगंधाने कोल्हापूरच्या एका डॉक्टरबाईंचं नाव शोधून काढलं.

आबांनी हे ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला.

"कशाला कोल्हापूर? हात बरा नाय तर नाय. डायवरकी सोड. डेपोत दुसरं काम नाय का मिळत?"

मला खरंच वाटेना. हा माणूस तरुणपणी आंबा घाटाच्या रस्त्यावर खडी टाकायला होता. मी पहिल्यांदा त्या घाटातून गाडी नेली, तेव्हा साखरप्याच्या पुढे रस्त्याकडेला नारळ घेऊन उभा राहिला होता. गाडी थांबवून मला चाकापुढे नारळ फोडायला लावला होता आणि उतारूंना ओरडून सांगितलं होतं, "माजा मुलगा हाय!"

"तुम्हीच मला ड्रायव्हर केलंत आणि आता तुम्हीच उठवताय?" मी म्हटलं.

ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो, तर आबा स्वच्छ धोतर नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर तयार. "मी पन येतो," म्हणाले. नको म्हणण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवशी मी माझ्याच फेरीला उतारू म्हणून बसलो. शिर्के नावाचा नवा मुलगा गाडी चालवत होता. बरा चालवत होता, तरी प्रत्येक वळणाला माझा पाय फळीवर दाबला जायचा. आबा खिडकीशी बसले होते. घाट सुरू झाला तसं त्यांनी खाली दरीत बघितलं, मग मान वळवून गाडीतली माणसं बघितली. पुढच्या बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. आबा कितीतरी वेळ त्या मुलाकडे बघत राहिले.

"रोज येवढी मानसं असतात?"

"याहून जास्त असतात."

"आनि तुला काय झालं तर? म्हंजे असंच, वाटेत बरं वाटंनासं झालं तर?"

"मला काय होणार आहे, आबा? हाताचं दुखणं आहे, जिवाचं नाही."

घाट संपेपर्यंत त्यांनी पुढच्या बाकाची दांडी सोडली नाही.

डॉ. घोरपडे वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी आधी फोटो बघायला मागितला नाही. मला स्टुलावर बसवलं, शर्ट काढायला लावला आणि समोर उभ्या राहिल्या.

"दोन्ही कोपरं बरगडीला चिकटवा. आता पंजे बाहेर न्या, दाराच्या दोन फळ्या उघडतात तसे."

डावी फळी उघडली. उजवी बंदच.

"दोन्ही हात पुढे करा. आता तळवे वर. प्रसाद घेता ना, तसे."

डावा तळवा आभाळाकडे झाला. उजवा कलला आणि तिथेच अडकला. त्यांनी माझ्या मागे येऊन खांद्यावर बोटं ठेवली, पुढून चाचपलं, पुन्हा मागून. मागे एका जागी बोट थांबलं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. समोर बाकावर आबा बसले होते, त्यांचा दिसत होता. ते डॉक्टरबाईंच्या बोटांकडे बघत होते.

"जुना फोटो कसा काढला होता? समोरून?"

"हो. सांधा जागेवर आहे म्हणाले."

"समोरून बघितलं की पुढची वस्तू आणि मागची वस्तू एकावर एकच दिसते. मला काखेतून काढलेला हवा."

नवा फोटो आला. त्यांनी तो दिव्यावर लावला आणि मला जवळ बोलावलं.

"लहानपणी चमच्यात लिंबू ठेवून पळायची शर्यत असायची ना? खांदा म्हणजे तेच. दंडाच्या हाडाचा हा गोळा म्हणजे लिंबू. आणि ही खोबण, हा चमचा. बघा किती उथळ आहे. खुब्याची खोबण वाटीसारखी खोल असते, म्हणून खुबा सहसा निसटत नाही. खांद्याला सगळीकडे फिरायचं असतं म्हणून देवाने त्याची खोबण उथळ केली. मग लिंबू पडू नये म्हणून चमच्याच्या काठाला चिवट कूर्चेची कड लावली, वरून पडदा ओढला, भोवती स्नायू आवळले. तरी तो पडतो. जवळजवळ नेहमी पुढे पडतो."

त्यांनी बोट फोटोवर सरकवलं.

"तुमचा मागे पडलाय. पडून खोबणीच्या काठावर आपटला आणि तिथेच रुतून बसला. गोळ्याला खाच पडलीय, ही बघा. त्या खाचेत काठ अडकलाय, म्हणून हात बाहेर वळत नाही. व्यायामाने तो कधीच वळला नसता."

"म्हणजे बसवता येईल?"

"भूल देऊन, उघडून बसवावा लागेल. उशीर झालाय, पण बसेल."

मला एकदम हलकं वाटलं. महिनाभर जे कळत नव्हतं त्याला नाव मिळालं होतं. "मग मी गाडी कधीपासून चालवू?"

त्यांनी दिवा बंद केला आणि खुर्चीत बसल्या. "हे कसं झालं ते मला नीट सांगा."

"झोपेत खाटेवरून पडलो."

"खाट किती उंच?"

मी गुडघ्याच्या जरा वर हात दाखवला.

"मांडवकर, खांदा मागे निखळायला फार मोठा जोर लागतो. समोरासमोर गाडी धडकली, हात स्टिअरिंगवर ताठ होते, तर होतं. विजेचा जबर धक्का बसला तर होतं. तुम्हाला यातलं काही झालं नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तिसरं कारण म्हणजे फिट. आकडी. अंगातले सगळे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. हात आत ओढणारे स्नायू बाहेर ओढणाऱ्यांपेक्षा बळकट असतात. ते गोळ्याला खोबणीतून मागे उपसून काढतात."

"मला कधी फिट आलेली नाही."

"त्या सकाळी जीभ चावली गेली होती का?"

जीभ दोन्ही कडांना सोलली होती. तीन-चार दिवस मला आमटी खाता आली नव्हती. पडताना दाताखाली आली असेल असं मी धरून चाललो होतो.

"कपडे ओले झाले होते?"

मी मान खाली घातली. लुंगी ओली होती. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुगंधाला तर नाहीच.

"गाडी चालवताना कधी मधलंच काही आठवत नाही, असं झालंय?"

"नाही," मी ताबडतोब म्हणालो. पण जे मला आठवतच नाही ते झालं नाही, हे मी कशाच्या जोरावर सांगत होतो? आंब्याची वळणं एकामागून एक डोळ्यांपुढून जायला लागली. हे आठवतं. हेही आठवतं. मधलं?

डॉक्टरबाई आबांकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही होतात घरात त्या वेळी?"

"मी झोपलो व्हतो," आबा म्हणाले. मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

"बरं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. चिठ्ठी देते. ते सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. सायकलसुद्धा नाही."

"बाई, अंदाजावर माझी नोकरी घालवू नका," माझा आवाज चढला. "हाताचं तेवढं लिहा. बाकीचं..."

"तुमच्या गाडीत माझी आई बसली, तर मी काय लिहायला हवं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी शर्ट खांद्यावर टाकून तसाच बाहेर आलो.

दवाखान्याच्या आवारात एक करंजाचं झाड होतं, त्याला पार होता. मी त्यावर बसलो. शर्टाची बाही उजव्या हातात घालता येईना. आबा मागून आले आणि लहान पोराला घालावा तसा त्यांनी तो हात बाहीत घातला, बटणं लावली.

"तू खाटंवरून पडला नायस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी तुला खाली घेतला. मला आवाज आला म्हनून उठलो, तर तू ताठ झाला व्हतास. डोळे पांढरे. मग हातपाय झाडायला लागलास. तोंडाला फेस. मी तुला खाली ओढला आनि तुज्या अंगावर बसलो. हा हात सारखा उडत व्हता, म्हनून दोनी हातांनी धरला. सगळा जोर लावून धरला." त्यांनी माझ्या उजव्या दंडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "तेवा आतून कट्ट असा आवाज आला. माज्या हातात आला तो आवाज, विलास. मी मोडला तुजा खांदा."

बाजूने एक नर्स औषधाची ताटली घेऊन गेली. आम्ही ती जाईपर्यंत थांबलो.

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुजा हात मी मोडला म्हनून सांगू, की तुला केशवची आकडी आली म्हनून सांगू?"

केशव म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माआधीच गेलेला. म्हशी धुताना नदीत बुडाला, एवढंच मला माहीत होतं.

"त्याला पोहता येत नव्हतं ना?"

"सगळ्या वाडीत त्याच्यासारखं कोन पोहत नव्हतं. गुडघाभर पान्यात बुडाला तो." आबा पारावर बसले. "आमी कुनाला सांगितलं नव्हतं, त्याला आकडी येते ते. बहिनी लग्नाच्या व्हत्या. बाबा म्हनायचे, घरातली गोष्ट घरात. नदीवर त्याच्यासंगं चार पोरं व्हती. त्यांना वाटलं, मस्करी करतोय."

मग त्यांनी आवाज हळू केला. महिनाभर मनात घोळवून ठेवलेलं असावं, कारण एका दमात म्हणाले.

"अजून कुनाला कळलेलं नाय. तुला, मला. डाक्टरबाईला नुसता संशय हाय. तू हाताचं आपरेशन करून घे. हात अधू झाला म्हनून डायवरकी सोडली म्हन. कोनी विचारनार नाय. गाडीतली मानसं पन सुखरूप, आपलं नाव पन ऱ्हाईल. उद्या तुज्या पोरीला कोन बोट दाखवनार नाय."

खरं सांगतो, मला ते पटलं. कुणाचा घात होत नव्हता. गाडी तर सोडणारच होतो. आजारी खांद्याच्या माणसाची लोकांना कीव येते. आकडीच्या माणसापासून लोक लांब सरकतात. शिवाय मी तो शब्द तोंडाने उच्चारला नाही तर कदाचित तो खराही ठरणार नाही, असं काहीतरी मनात होतं. मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात सहज म्हणून विचारलं, "केशवकाकाला औषध कुणाचं चालू होतं?"

"औषद नाय दिलं कधी."

"का?"

"डाक्टरकडे नेलं असतं तर गावाला कळलं असतं," आबा म्हणाले. वाक्य पुरं झाल्यावर ते तोंड उघडंच ठेवून समोर बघत राहिले. आपण काय बोललो ते त्यांनाही तेव्हाच ऐकू आलं असावं.

मी उठलो. आबाही उठले. माझ्या आधी तेच दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागले.

डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटला तपासत होत्या. आबा दारातच उभे राहिले, आत-बाहेर कोण आहे न बघता म्हणाले, "बाई, मी खोटं बोललो. मी जागा व्हतो."

त्यांनी पेशंटला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आबांनी पारावर सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. किती वेळ झटके आले, शुद्ध कशी आली, घोरल्यासारखा आवाज कसा येत होता, त्या विचारत गेल्या आणि आबा सांगत गेले. शेवटी आबा म्हणाले, "खांदा माज्या हातून मोडला. त्याच्या दैवात डायवरकी नसंल, पन हात तरी धड ऱ्हायला असता."

डॉक्टरबाईंना खोटा धीर देता आला असता.

"आजोबा, फिट आलेल्या माणसाला धरायचं नसतं. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं लागेल असं काही बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं आणि थांबायचं. तोंडात काही घालायचं नाही. हे आता तुम्हाला कळलं. पण एकट्याने झोपलेल्या माणसांचे खांदे असेच निखळलेले मी बघितलेत. त्यांना कुणी धरलेलं नव्हतं. यांचा खांदा यांच्याच स्नायूंनी ओढून काढला. तुमचे हात माझ्या वडिलांच्या हातांसारखे आहेत. त्यांत एवढं बळ नाही."

आबांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

ऑपरेशन झालं. गोळा खोबणीत बसवला, खाच भरून काढली. पुढे कितीतरी दिवस माझा हात एका पट्ट्यात बाहेर वळवून बांधलेला होता. दारातून आडवं जावं लागायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून गोळ्या सुरू केल्या. त्यांनीही तेच सांगितलं. गाडी बंद.

साहेबांना मी कागद दाखवले आणि तोंडानेही सांगितलं. त्यांनी मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. डेपोतल्या इतरांना मात्र मी हाताचंच कारण सांगितलं. धीर एवढाच पुरला. अन्वरभाईंनासुद्धा बोललो नाही. शिर्के सकाळी कोल्हापूरची गाडी बाहेर काढायचा, आणि मी खिडकीतून ती फाटकापर्यंत बघायचो. वाईट वाटायचं. एखाद्या दिवशी तर असं वाटायचं, की म्हातारा झोपेत काहीतरी भलतंच बघून बसला आणि मी त्याच्या नादाने गाडी गमावली.

पुढच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी एक बाई साखरप्याची गाडी विचारत होती. मी तिला सांगायला तोंड उघडलं.

पुढचं आठवतं ते थेट टेबलाचे पाय. मी चौकशीच्या खोलीत फरशीवर कुशीवर पडलो होतो. डोक्याखाली कंडक्टरची चामडी पिशवी होती. टेबल-खुर्ची भिंतीकडे सारलेली. दारात कुणीतरी लोकांना आत येऊ देत नव्हतं. अन्वरभाईंची त्या दिवशी कोल्हापूरची फेरी नव्हती; ते माझ्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले होते. त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर होते.

"पडून राहा," ते म्हणाले. "झालं. संपलं."

जीभ चावली गेली होती. मी भीतभीत उजवा हात हलवला. वर नेला, बाहेर वळवला. वळला.

भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली. कोल्हापूरची गाडी त्या वेळी घाटाच्या मध्यावर असते. मी डोळे मिटून घेतले. दात वाजायला लागले. अन्वरभाईंनी स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला.

"कुणी धरलं नाही ना मला?" जरा वेळाने मी विचारलं.

"नाही. दोघं धावले होते, मी ओरडलो, हात लावू नका म्हणून."

"तुम्हाला कसं माहीत? मी तर कुणाला..."

"तुमचे वडील येऊन गेले होते. तुम्ही कोल्हापूरला ऑपरेशनसाठी पडला होता तेव्हा."

"आबा? इथे?"

"दिवसभर होते. आधी माझ्याकडे आले. मग कॅन्टीनमध्ये गेले, वर्कशॉपमध्ये गेले, रेस्टरूममध्ये गेले. जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते. माझ्या मुलाला आकडी येते. तुमच्यासमोर आली तर धरू नका, कुशीवर करा. पोरांकडून परत म्हणवून घेत होते."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं? इतके दिवस? कुणी बोललं कसं नाही?"

"त्यांनीच बजावलं होतं. तो आपण होऊन सांगेपर्यंत कुणी विषय काढायचा नाही म्हणाले."

गोळ्यांचं प्रमाण वाढवल्यावर मला पुन्हा कधी आकडी आली नाही. निवृत्तीपर्यंत मी त्या खिडकीत बसलो. त्या दिवशी मात्र अन्वरभाईंनी मला घरापर्यंत सोडलं. आबा ओट्यावर सुंभाचा दोर वळत होते. आम्हा दोघांना अवेळी आलेलं बघून त्यांचे हात थांबले.

"आज आली, आबा," मी म्हणालो. अन्वरभाई शेजारी होते तरी म्हणालो.

आबांनी माझ्या खांद्याकडे बघितलं, मग अन्वरभाईंकडे.

"कोनी धरलं नाय ना?"

"नाही," अन्वरभाई म्हणाले.

आबांनी दोर बाजूला ठेवला, ओट्यावर जागा करून दिली आणि आत वळून सुगंधाला हाक मारली, "पोरी, तिघांचा चहा टाक."